तोर्स्तीचं कलम

हेल्वी केम्पाइनेन रागावली की गप्प व्हायची. आमच्या औलू या फिनिश शहरात गप्प बसणं हा काही अवगुण नाही. निम्मं शहर बारा महिने गप्पच असतं. पण हेल्वी आईकडून पूर्वेकडच्या कारेल्या प्रांतातली, म्हणजे बोलघेवड्या माणसांतली. ती गप्प झाली की केंद्रातल्या सगळ्यांना ते ऐकू यायचं, आणि जो तो आपापल्या संगणकाच्या पडद्यात डोकं घालून बसायचा.

मी, एन्सिओ, तिच्या शेजारच्या खोलीत बसायचो. विद्यापीठाच्या संगणक केंद्रात न्यूजग्रुपचं यंत्र आम्ही दोघं सांभाळायचो. देशभरातली अशी यंत्रं दिवसभर एकमेकांना संदेश पोचवत राहायची. औलूत लिहिलेलं दुपारपर्यंत तुर्कूत वाचायला मिळायचं. बुद्धिबळाचा एक गट, मासेमारीचा एक, करांच्या तक्रारींचा एक, आणि असे सगळे गट मिळून फांद्याफांद्यांचं एक झाड. फिनिश भाषेतलं हे झाड एस्पोच्या तोर्स्ती हाकालाने वाढवलं होतं. चार-पाच गट होते तेव्हापासून तो ते सांभाळत आला होता, तेही फुकट. हे त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. वाईट एवढंच झालं की झाड वाढवता वाढवता ते आपल्या परसातलं आहे असं त्याला वाटायला लागलं.

हेल्वीची आई अन्नीमावशी तिच्याकडेच राहायची. लाडोगा सरोवराच्या काठावरच्या हौकिनिएमी गावात जन्मलेली. लढाई सुरू झाली तेव्हा एकदा गाव सोडलं, मग परत जाऊन जळक्या घराच्या जागी नवं घर बांधलं, नांगरट केली, आणि दोन वर्षांत पुन्हा सोडलं. त्या वेळी कायमचं. देशाची सीमा अलीकडे सरकली आणि गाव पलीकडे, शेजारच्या देशात राहिलं. मावशी गाईंसोबत रस्त्याने चालत आली होती, आणि ते चालणं ती इतक्यांदा सांगायची की त्या गाईंची नावं मलाही पाठ झाली होती.

१९९५ च्या वसंतात हेल्वीने एक गट सुरू केला: कारेल्यातली सुटलेली गावं. कुणाला विचारलं नाही. आमच्या यंत्रावरून गट उघडण्याचा संदेश पाठवला आणि देशातल्या बहुतेक यंत्रांनी तो मानला. तेव्हा तसंच चालायचं. ती घरी टर्मिनलसमोर बसायची, शेजारी मावशी खुर्ची ओढून घ्यायची आणि सांगायची, हेल्वी टाइप करायची. मिक्केलीहून कुणाचा तरी मुलगा आपल्या बापाच्या वतीने लिहायचा, "चर्चजवळची विहीर गोड पाण्याची होती की मचूळ?" मावशी म्हणायची, "मचूळ! लिही, मचूळ! आणि त्याला विचार, तुझा बाप तो काण्या घोड्याचा हैक्की का?" बहुतेक वेळा तोच निघायचा.

असे शे-दीडशे म्हातारे जमले. एकालाही कळफलक येत नव्हता; सगळे मुलांच्या, सुनांच्या बोटांनी बोलायचे. मावशीला रोज जेवताना एकच विचारायचं असायचं: "आलं का काही?"

शरद ऋतूत त्या गटात दोघांची जुंपली. एक म्हणे कारेल्या परत मागा, दुसरा म्हणे गेलं ते गेलं. आठवडाभर शिवीगाळ झाली. मग एका दुपारी तोर्स्तीचा हुकूम आला. गट काढण्याचा हुकूम म्हणजे तरी काय, एक साधा संदेश. पाठवणाऱ्याच्या जागी तोर्स्तीचं नाव दिसलं की यंत्रं निमूट पाळायची. खाली कारण दिलेलं: "अधिकृत यादीत नाही. काढला."

गट गेला आणि त्यातलं लिहिलेलंही सगळं गेलं. विहीर, घोडा, गाई, सगळं.

हेल्वीने त्याला लिहिलं. उत्तर नाही. तिने गट पुन्हा उघडला; त्याने पुन्हा काढला. तिने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की इथे म्हातारी माणसं आहेत, माझी आई आहे, भांडणाऱ्या दोघांना बाहेर काढ आणि बाकीच्यांना राहू दे. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा कुठे त्याने उत्तर दिलं, तेही सगळ्यांना दिसेल असं:

"या झाडाची कात्री माझ्या हातात आहे. हे जाळं कामासाठी आहे. म्हाताऱ्यांच्या गप्पांसाठी कॉफीची दुकानं आहेत."

त्याखाली आठ-दहा जणांनी हसून दुजोरा लिहिला. मला एकेकाचं नाव आठवतं, कारण हेल्वीने ती मला वाचून दाखवली होती, सावकाश, हजेरी घ्यावी तशी.

मावशीला तिने घरी जाऊन सांगितलं. मी तेव्हा तिथे नव्हतो, पण मावशी काय म्हणाली ते हेल्वीने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. मावशी रडली नाही, ओरडली नाही. हातातलं विणकाम गुंडाळून म्हणाली, "म्हणजे तिसऱ्यांदा."

एवढं सांगून हेल्वी गप्प झाली, ती हिवाळा संपेपर्यंत; बोलली तर कामापुरतंच.

खोडी काढणं अवघड नव्हतं. तोर्स्तीचाही एक लाडका गट होता, लाकडी होड्यांचा. फळ्या वाफेवर कशा वाकवायच्या, डांबर कुठलं घ्यायचं, असली चर्चा. लिहिणारे वीसेक जण, आणि तोर्स्ती रोज सकाळी कामाआधी तिथे डोकावायचा. मी हेल्वीला म्हटलं, "त्याचं नाव घालून आपणच एक हुकूम पाठवू या. होड्या बुडतील. कुणाला पत्ता लागणार नाही."

"आणि त्याला तरी लागेल का?" ती म्हणाली.

"काय?"

"कुणी मारलं आणि का मारलं ते. चोरून मारलं तर त्याला वाटेल की यंत्र बिघडलं. नको एन्सिओ. त्याने ते स्वतःच्या हाताने करायला हवं. सगळ्यांसमोर."

जे आम्ही केलं नाही ते जानेवारीत कुणा टारगट विद्यार्थ्याने केलं. तोर्स्तीच्या नावाने खोटे हुकूम सुटले आणि एका सकाळी निम्मं झाड भुईसपाट. बुद्धिबळ गेलं, कर गेले, फिनिश व्याकरणही गेलं. तोर्स्तीला सगळं पुन्हा उभं करायला आठवडा लागला. मग विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी मिळून सांगितलं की आता पुरे झालं. हुकूम कुणी द्यायचा, कसा द्यायचा, यंत्राने तो कधी मानायचा, याचे लेखी नियम करा, नाहीतर आमची यंत्रं कुणाचंच ऐकणार नाहीत.

तुर्कूच्या आइरी वालेनियसने पुढाकार घेतला. शांत, काटेकोर बाई, तिकडच्या संगणक केंद्राची प्रमुख. तिने विचारलं, मसुदा कोण लिहितं? असली कामं कुणाला हवी असतात? हेल्वीने हात वर केला. आम्हाला वाटलं तोर्स्ती अडवेल. त्याने उलट लिहिलं, "लिहू दे. कारकुनी आहे."

तिने हिवाळाभर लिहिलं. जेवायच्या सुट्टीतही लिहायची. एका हातात राय धान्याची पोळी, दुसऱ्या हातात पेन. मी एकदा विचारलं, इतकं काय आहे त्यात लिहिण्यासारखं?

"प्रत्येक कलम लिहून झालं की मी तोर्स्तीला समोर बसवते," ती म्हणाली. "मनात. आणि विचारते, आता यातून कसा निसटशील? तो निसटला की कलम पुन्हा लिहिते."

"आणि नाही निसटला तर?"

"मग पुढचं कलम."

तिने जे लिहिलं ते असं होतं. हुकमावर नुसतं नाव चालणार नाही. त्यावर संगणकी सही हवी, आणि यंत्राने ती तपासल्याशिवाय हुकूम मानायचा नाही. सही करण्याचा सांकेतिक शब्द दोन तुकड्यांत, दोन वेगळ्या शहरांतल्या दोन माणसांकडे, म्हणजे एकट्याला काही उघडता येणार नाही आणि पुसताही येणार नाही. गट काढायचा असेल तर दोन आठवडे आधी कारणासह सगळ्यांना कळवायचं. ज्याचा त्या भांडणात हात आहे त्याने निर्णयात बसायचं नाही. आणि नवा गट हवा असेल तर मतदान. विरोधापेक्षा पाठिंबा ठरलेल्या संख्येने जास्त पाहिजे.

मी वाचलं आणि चकित झालो. एका माणसाच्या मुसक्या आवळायला लिहिलेले नियम, पण वाचणाऱ्याला वाटावं की किती समंजस बाई आहे.

एक कलम मात्र मला ढिलं वाटलं. नियमांच्या आधीपासून जे गट आहेत ते तसेच राहू द्यावेत, असं तिने लिहिलं होतं. "अगं, इथे तर तू सगळं सोडून दिलंस," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा हसली. "बघू या, कुणी सुचवतं का काही."

मे महिन्यात बैठक झाली, ती तुर्कूहून स्टॉकहोमला जाणाऱ्या सकाळच्या बोटीवर. बोटीवर बैठक ठेवली की खर्च कमी, जेवण भरपूर, आणि मध्येच कुणाला उठून घरी जाता येत नाही. खिडकीबाहेर बेटांमागून बेटं सरकत होती, बर्फ नुकतं वितळलेलं. आम्ही पंधरा-सोळा जण होतो. आइरी टेबलाच्या टोकाला. तोर्स्ती खिडकीशी बसला होता, जाड लोकरी स्वेटरमध्ये, आणि बाहेर एखादं शिडाचं गलबत दिसलं की बोलणं अर्धवट सोडून त्याच्याकडे बघायचा.

सहीचं कलम पटकन पार पडलं. दोन तुकड्यांच्या कलमाशी तो अडला.

"इतकी वर्षं मी एकटा करतोय. माझ्यावर भरवसा नाही का तुमचा?"

"तुझ्यावर आहे की," हेल्वी म्हणाली. "तुझ्यामागून जो येईल त्याच्यावर नाही. त्याला आम्ही कुठे ओळखतो?"

सगळे हसले. तोर्स्तीही हसला. कलम मंजूर. एक तुकडा आइरीकडे, दुसरा औलूला माझ्याकडे, असं ठरलं. भांडणात नसलेली दोन माणसं हवी होती, आणि मी कधी तोंड उघडून कुणाशी भांडलो नव्हतो.

मग ते ढिलं कलम आलं. हेल्वीने ते खालमानेने वाचलं, जणू त्यात काही नाहीच. आणि वाचून झाल्यावर हळूच म्हणाली, "म्हणजे आधी जे गट कुणाला न विचारता उघडले गेले, तेही ज्यांना हवे असतील त्यांना परत…"

पुढे बोलायची तिला गरजच पडली नाही.

"अहा!" तोर्स्तीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आत्ता कळलं. मागच्या दाराने कारेल्या आत येतोय होय? नाही, हे चालायचं नाही. ज्या गटासाठी कधी प्रस्ताव नाही, मतदान नाही, तो गट बेकायदा. मग तो जुना असो की नवा. त्याला मतदानाला उभं करा, आणि पडला तर उपटा."

"पण तोर्स्ती," हेल्वी म्हणाली, "सुरुवातीच्या काळातले काही गट असे असतील, ज्यांचं त्या वेळी राहून गेलं असेल. त्यांना थोडी सूट…"

"सूट कशाला? अपवाद नको. एकही नको."

आइरीने पेन थांबवलं. तिला काहीतरी खटकलं असावं. तिने आधी हेल्वीकडे बघितलं, मग तोर्स्तीकडे. "नक्की ना? हे कडक आहे."

"कडकच हवं. लिही माझ्या नावावर."

"लिही," हेल्वी म्हणाली. "मी माझा मजकूर मागे घेते. त्याचा चांगला आहे."

आइरीने लिहिलं. सगळ्यांनी हात वर केले. मग आम्ही जेवायला गेलो. हेल्वीने ताटात चार प्रकारचे हेरिंग मासे, बटाटे, वर शेपू असं रचून घेतलं आणि सगळं संपवलं. त्या हिवाळ्यात तिला इतकं जेवताना मी पाहिलं नव्हतं.

जूनमध्ये आइरीने ज्या गटांची नोंद सापडत नव्हती ते जाहीर केले. जेमतेम मूठभर निघाले. त्यातले बहुतेक मेलेलेच होते, कुणी लिहीत नव्हतं. जिवंत असा एकच: लाकडी होड्या. सुरुवातीच्या दिवसांत तोर्स्तीने तो स्वतःच, एका रविवारी, कुणाला न विचारता उघडला होता.

त्याने लगेच लिहिलं की ही तांत्रिक बाब आहे, झाड ज्याने लावलं त्याला प्रस्तावाची काय गरज. आइरीने दोन ओळींत उत्तर दिलं: कलम तुझंच आहे, आणि भांडणात हात असलेल्याने निर्णयात बसायचं नाही. मतदान होईल.

साध्या मतदानात होड्या सहज तरल्या असत्या. असल्या गटाला विरोध करायला कुणाला वेळ असतो? पण हेल्वीने हिवाळाभर नुसते नियम लिहिले नव्हते. जे म्हातारे हाकलले गेले, त्यांच्या मुलांचे, सुनांचे, नातवंडांचे पत्ते तिने आठवून, फोन करून, माणसामागून माणूस शोधून काढले होते. प्रत्येकाला तिने वेगळं पत्र लिहिलं. काय लिहिलं ते तिने मला दाखवलं नाही, पण एका पत्राचं उत्तर चुकून माझ्याकडे आलं. मिक्केलीच्या त्या मुलाचं होतं. फक्त एवढंच: "बाबा गेल्या महिन्यात वारले. माझं 'नाही' आणि त्यांचं 'नाही' अशी दोन धरता येतील का?"

नव्हती धरता येत. एका माणसाला एकच मत, तेही हेल्वीनेच लिहिलं होतं. पण दोनाची गरजच पडली नाही. 'नाही'चा असा लोंढा आला की आइरीने मला फोन केला.

"एन्सिओ, हे बरं नाही चाललं. या लोकांना होड्यांशी काही देणंघेणं नाही."

मी फोन हेल्वीच्या हातात दिला.

"कुठलं कलम मोडलं, आइरी?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. "मग मोजत राहा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मतदान संपायच्या आठवड्यात तोर्स्ती औलूला आला. आठ तासांचा आगगाडीचा प्रवास करून, न कळवता. कॉफीच्या खोलीत आम्ही तिघंच. तोच लोकरी स्वेटर, ऑगस्टमध्ये. दाढी वाढलेली. मी उठायला लागलो तर हेल्वी म्हणाली, "बस तू."

तो उभाच राहिला. "हेल्वी, त्या गटात एक माणूस आहे. बाहेरच्या बेटावर एकटा राहतो. त्याचं वर्षभराचं बोलणं म्हणजे तो गट. आणखी एक आहे, त्याचे हात कापतात, आता त्याला होडी बांधता येत नाही, पण तो दुसऱ्यांना सांगतो."

"हो?" हेल्वी म्हणाली.

"त्यांनी तुझं काय वाकडं केलंय?"

"माझ्या आईने तुझं काय वाकडं केलं होतं?"

"मला माहीत नव्हतं तुझी आई…"

"मी तीनदा लिहिलं होतं, तोर्स्ती. तिसऱ्यांदा तू उत्तरही दिलंस. आठवतंय का?"

त्याला आठवत होतं. तोंडावर दिसलं ते. त्याची मान आधी लाल झाली, मग कान.

हेल्वी उठली. कपाटातून पाहुण्यांचा कप काढला, बशी काढली, किटलीतून काठोकाठ कॉफी ओतली आणि त्याच्यासमोर ठेवली. "बस," ती म्हणाली. "घे. गप्पांसाठी कॉफीचं दुकान असतं ना? हे घे, दुकान. बोल आता काय बोलायचंय ते."

मी आयुष्यात पुष्कळ भांडणं बघितली, एक-दोनदा सुरेही बघितले. पण त्या कपाइतकं धारदार काही बघितलं नाही. तोर्स्तीने कपाकडे बघितलं. आमच्याकडे समोर ठेवलेली कॉफी न पिणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं, आणि ही कॉफी पिणंही तसंच, फक्त थोबाड स्वतःचं. तो बसला. प्यायला. अख्खा कप. मग माझ्याकडे वळला. "एन्सिओ, अर्धा शब्द तुझ्याकडे आहे."

"आहे."

"तू नाही दिलास तर हुकमावर सही होत नाही."

"नाही होत."

"मग?"

"मग त्या बेटावरच्या माणसासाठी मी आज नियम मोडला, तर उद्या कुणीही कुणासाठीही मोडेल," मी म्हणालो. मला तोर्स्ती फारसा आवडत नव्हता, पण ते वाक्य म्हणताना गोडही वाटलं नाही. "निकाल जो लागेल तो लागेल, तोर्स्ती. तूच म्हणालास ना, अपवाद नको?"

त्याने कप बशीत नीट ठेवला, आभार मानले (खरंच मानले) आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला.

होड्या पडल्या. मी माझा अर्धा शब्द घातला, आइरीने तिचा, आणि देशातल्या यंत्रांनी सही तपासून गट पुसला. कारण म्हणून हेल्वीने सुचवलेलं वाक्य टाकलं होतं: "अधिकृत यादीत नाही. काढला." त्याच मतपत्रिकेत कारेल्याचा गटही होता. तो इतक्या मतांनी निवडून आला की आइरीला मोजणी दोनदा करावी लागली. तोर्स्तीने झाडाचं काम सोडलं. आइरीने ते हेल्वीला देऊ केलं. तिने नाही म्हटलं. तिला झाड नकोच होतं.

कारेल्याचा गट उघडला त्या शनिवारी हेल्वीने मला घरी जेवायला बोलावलं. मावशीने पिराक्का केल्या होत्या, राय धान्याच्या पिठाची पातळ पारी, आत भात, कडेला बोटांनी घातलेली मुरड, वर अंडं कालवलेलं लोणी. हेल्वी फुलून आली होती. तिने सगळी हकीकत आईला सांगितली: बोट, कलम, पत्रं, कॉफीचा कप. कप तर तिने उठून, ओतून दाखवला. मी हसलो. मावशी पारी लाटत ऐकत होती.

हेल्वीचं संपल्यावर मावशीने विचारलं, "आणि त्या होडीवाल्यांना कुठे बसवलंस?"

"म्हणजे?"

"म्हणजे आम्हाला उठवलं तेव्हा इकडच्या लोकांनी निदान जमिनीचा तुकडा दिला. खडकाळ होता, देणाऱ्यांची तोंडं वाकडी होती, पण दिला. त्यांना काय दिलंस?"

"आई, ती माणसं आपापल्या घरी आहेत. फक्त एक गट गेला."

"आमचाही एक गटच गेला होता. मग इतका तमाशा कशासाठी केलास?"

"तुझ्यासाठी केला!"

"माझ्यासाठी केलास तर मला विचारायचं तरी," मावशी म्हणाली. "मी म्हटलं असतं, त्या तोर्स्तीला चाबकाने फोडून काढ. जरूर काढ. वाटल्यास चाबूक मी धरते. पण त्या बेटावरच्या माणसाने काय घोडं मारलं होतं?"

हेल्वी गप्प झाली, आणि मला वाटलं की आता पुन्हा एक हिवाळा. पण मावशीने पिठाचे हात पुसले आणि टर्मिनलकडे बोट दाखवलं. "लाव ते. आजचं लिहायचंय."

"काय लिहू?"

"बापाची होडी. लाडोगावरची. कशी बांधली ते पहिल्यापासून सांगते."

हेल्वी तिच्याकडे बघतच राहिली. "आई, मुद्दाम करतेस तू."

"मग? मुद्दाम केल्याशिवाय होडी बांधून होते का? लिही."

तिने लिहिलं. मावशीच्या बापाने फळ्या खिळ्यांनी नाही तर स्प्रूस झाडाच्या मुळ्यांनी कशा शिवल्या होत्या, डांबर कुठल्या भट्टीचं, वल्ही कुठल्या लाकडाची. पिराक्का थंड झाल्या, पण मावशी थांबेना. आणि दोन दिवसांत उत्तरं यायला लागली, कारेल्यातल्या माणसांची नव्हे. हात कापणाऱ्या त्या माणसाचं, बेटावरच्या माणसाचं, आणखी कुणाकुणाचं. मुळ्या किती दिवस भिजवायच्या? कुठल्या महिन्यात खणायच्या? मावशी सगळ्यांना उत्तर द्यायची. जेवताना पुन्हा विचारायला लागली, "आलं का काही?" नियमात कुठेही लिहिलं नव्हतं की सुटलेल्या गावांच्या गटात होडीबद्दल बोलायचं नाही. हेल्वीचं ते कलम लिहायचं राहून गेलं होतं.

पहिलं बर्फ पडायच्या सुमाराला तोर्स्ती हाकालाचं लिहिणं आलं. त्याने कुणावर रोख धरला नव्हता, जुन्या गोष्टी काढल्या नव्हत्या. फक्त विचारलं होतं की, आदरणीय अन्नी केम्पाइनेन, तुमच्या वडिलांच्या होडीला बरगड्या किती होत्या, आणि त्या आधी बसवल्या की फळ्यांनंतर?

मला हे हेल्वीने सोमवारी कॉफीच्या खोलीत सांगितलं. बूट काढत होती, बर्फ झटकत होती.

"मग? आईने काय सांगितलं?"

"अकरा. फळ्यांनंतर. पाऊण तास सांगत होती."

"आणि तू टाइप केलंस? त्याला?"

"केलं ना. ती शेजारी बसून एकेक शब्द वाचून घेते आता, चष्मा लावून. चुकवता येत नाही." तिने दुसरा बूट ओढून काढला. "शेवटी म्हणाली, लिही, 'हौकिनिएमीच्या अन्नीकडून मनापासून नमस्कार'. तेवढ्यात तिचा चष्मा घसरला आणि ती तो पुसायला लागली."

"म्हणजे नमस्कार नाही लिहिलास?"

"नाही," हेल्वी म्हणाली, आणि किटलीखालची शेगडी लावायला गेली.